घटस्फोट, पोटगी आणि डिसॅबिलिटीचा चेक: अमेरिकेत सही करण्याआधी काय काय बघायचं

आधी एक हिशोब सांगतो, म्हणजे हा लेख का लिहितोय ते लगेच कळेल. समजा एका डिसेबल्ड बाईला एसएसआय (गरज बघून मिळणारी सरकारी मदत) मिळतं, २०२६ चा पूर्ण दर म्हणजे महिन्याला ९९४ डॉलर. घटस्फोट होतो, वकील छान भांडतो आणि तिला महिन्याला ६०० डॉलर पोटगी मिळवून देतो, सगळे खूश. दोन महिन्यांनी चेक येतो तो ४१४ डॉलरचा. ४१४ अधिक ६०० म्हणजे १०१४. एवढी सगळी लढाई करून तिच्या हातात महिन्याला २० डॉलर जास्त पडले, आणि नवरा मात्र दर महिन्याला ६०० देतोय, त्यातले ५८० सरकारचे वाचले.

यात कोणी फसवलं नाही, नियमच तसा आहे. पण डिक्रीवर (कोर्टाच्या घटस्फोटाच्या अंतिम आदेशावर) सही व्हायच्या आधी कोणी तरी हा हिशोब कागदावर मांडायला हवा होता. फॅमिली कोर्टातले वकील घटस्फोटात हुशार असतात, सोशल सिक्युरिटीचे (हे चेक पाठवणाऱ्या सरकारी खात्याचे) नियम त्यांना माहीत असतीलच असं नाही, आणि सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसातला माणूस तुमचा सेटलमेंट वाचून सल्ला देणार नाही, तो फक्त आकडे भरणार. मधली जागा आपणच भरून काढायची. मी वकील नाही, लोकांबरोबर बसून हे कागद भरता भरता शिकलोय, त्यामुळे हे वाचून वकिलाला नेमके प्रश्न विचारा, वकीलच नको असं करू नका.

सगळ्यात आधी: तुमचा चेक नक्की कुठला?

"मला डिसॅबिलिटी मिळते" एवढं सांगून काहीही कळत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोघांची नावं इतकी सारखी की घेणाऱ्याचाही गोंधळ होतो.

एसएसडीआय हा तुमच्या कामाचा हक्क आहे. नोकरी करताना पगारातून सोशल सिक्युरिटी टॅक्स कापला गेला, तुमचा ६.२ टक्के आणि तेवढाच मालकाचा, त्यातून क्रेडिट जमली आणि त्या विम्यावर हे पैसे मिळतात. तुमच्याकडे घर किती, बँकेत किती, नवरा किती कमावतो, याच्याशी त्याचा संबंध नाही. बघतात ते फक्त तुम्ही काम करून किती कमावता ते, २०२६ मध्ये महिन्याला १६९० डॉलरच्या वर कमाई गेली (अंध व्यक्तींना २८३०) तर प्रश्न येतो. पोटगी ही कामाची कमाई नाही, म्हणून पोटगी शंभर असो की पाच हजार, एसएसडीआय एक सेंटनेही कमी होत नाही.

एसएसआय म्हणजे गरजेवर मिळणारी मदत. कधीच नोकरी न केलेल्यालाही मिळू शकते, पण तिथे प्रत्येक डॉलर मोजतात, आलेला आणि साठवलेला दोन्ही. एकट्या माणसाकडे २००० डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता नको, जोडप्याकडे ३०००, आणि हा आकडा १९८९ पासून बदललेला नाही, वाचून हसावं की रडावं कळत नाही.

काहींना दोन्ही मिळतात, एसएसडीआय कमी पडलं तर वरून एसएसआय. तुम्हाला नक्की काय मिळतं ते कळायला सोशल सिक्युरिटीचं अवॉर्ड लेटर काढा, नाही सापडलं तर त्यांच्या वेबसाइटवर तुमच्या अकाउंटमधून बेनिफिट व्हेरिफिकेशन लेटर मिळतं. चेक महिन्याच्या १ तारखेला येत असेल तर बहुतेक ते एसएसआय आहे, पण अंदाजावर राहू नका, लेटर काढा आणि पहिल्या भेटीतच वकिलाच्या हातात द्या.

ज्यांचं फक्त एसएसडीआय आहे त्यांनी पोटगीच्या हिशोबाची काळजी सोडली तरी चालेल, पण खालचं दहा वर्षांचं आणि पोटगी तुम्हालाच द्यायची असेल तर तुमच्या चेकमधून काय कापतात ते वाचा. ज्यांच्याकडे एसएसआय आहे त्यांनी सगळंच वाचा.

एसएसआयवर पोटगी कशी कापली जाते

महिन्यात कमाईशिवाय जे काही येतं त्यातले पहिले २० डॉलर सोडतात. उरलेलं डॉलरला डॉलर कापतात. नोकरीचा पगार असता तर आणखी ६५ सोडून पुढचं अर्धंच मोजलं असतं, म्हणजे कष्टाच्या पैशाला सवलत आहे, पोटगीला नाही.

आणि ते २० डॉलर महिन्यातून एकदाच. म्हणजे कोणाला ५०० एसएसडीआय आणि वरून ५१४ एसएसआय मिळत असेल तर ती सूट एसएसडीआयवरच खर्च झालेली असते. मग पोटगी ३०० आली की एसएसआय सरळ २१४ होतं, बेरीज आधी १०१४ होती आणि नंतरही १०१४. फायदा शून्य.

पोटगी १०१४ किंवा जास्त झाली की (दुसरं काही उत्पन्न नसेल तर) फेडरल एसएसआय पूर्ण संपतं. काही राज्यं वरून स्वतःचे थोडे पैसे घालतात, तिथे हा आकडा जरा वर सरकतो. आता इथे खरी भीती चेकची नाही, मेडिकेडची, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्याची आहे. बऱ्याच राज्यांत एसएसआय असलं की मेडिकेड आपोआप असतं. महिन्याला १०० डॉलर जास्त मिळावेत म्हणून ११०० ची पोटगी घेतली आणि मेडिकेड गेलं, तर घरी येणारी अटेंडंट, औषधं, व्हीलचेअरची दुरुस्ती हे सगळं अंगावर येतं. नोकरीमुळे एसएसआय शून्य झालं तर मेडिकेड टिकवायचा एक खास नियम आहे, १६१९बी म्हणतात त्याला, पण तो पगारासाठी आहे, पोटगीसाठी नाही. हे मी मुद्दाम सांगतो कारण लोक इंटरनेटवर अर्धवट वाचून "मेडिकेड राहतं हो" असं सांगतात.

आणखी एक गैरसमज. २०१८ संपल्यानंतर झालेल्या घटस्फोटातली पोटगी फेडरल टॅक्समध्ये घेणाऱ्याचं उत्पन्न धरत नाहीत, म्हणून अकाउंटंट सांगतो "हे इन्कम नाहीये." टॅक्ससाठी बरोबर. एसएसआयसाठी ते इन्कमच आहे. दोन ऑफिसं, दोन डिक्शनऱ्या.

मोजतात ते हातात आलेले पैसे, कोर्टाने लिहिलेले नाही. नवऱ्याने दिलेच नाहीत तर त्या महिन्याचे कापू नयेत, पण ते सोशल सिक्युरिटीला आपणच कळवायचं. आणि त्याने सहा महिन्यांची थकबाकी एकदम दिली तर ती सगळी त्या एका महिन्याचं उत्पन्न. साधारणपणे दोन महिने मागचं उत्पन्न बघून चेक ठरतो, म्हणजे मार्चमध्ये आलेली पोटगी मेच्या चेकमधून कापली जाते, त्यामुळे मार्चमध्ये सगळं आलं म्हणून खर्च करून टाकू नका.

मग डिक्रीत काय लिहून घ्यायचं

हा सगळ्यात कामाचा भाग, सावकाश वाचा.

पहिला रस्ता, पैसे हातात न घेता खर्च परस्पर भागवून घेणं. दुसऱ्याने तुमचं बिल थेट दुकानदाराला किंवा कंपनीला भरलं तर ते तुमचं रोख उत्पन्न धरत नाहीत, त्यातून तुम्हाला जे मिळालं ते बघतात. निवारा मिळाला, म्हणजे भाडं, घराचा हप्ता, प्रॉपर्टी टॅक्स, वीज, गॅस, पाणी, कचरा, तर त्याची किंमत मोजतात पण त्याला वरची मर्यादा आहे, पूर्ण दराचा एक तृतीयांश अधिक २० डॉलर. २०२६ मध्ये ते होतं ३५१ डॉलर ३३ सेंट. फोन, इंटरनेट, गाडीचा इन्शुरन्स, डॉक्टरचं बिल परस्पर भरलं तर काहीच कापत नाहीत. आणि ३० सप्टेंबर २०२४ पासून जेवणही मोजायचं बंद केलंय, आधी कोणी किराणा भरून दिला तरी सांगावं लागायचं.

आता वरच्याच बाईचे ६०० डॉलर रोख न येता थेट घरमालकाकडे भाडं म्हणून गेले असं धरा. मोजणार जास्तीत जास्त ३५१.३३, त्यातून २० ची सूट, म्हणजे कापणार ३३१.३३. चेक येईल ६६२.६७ चा आणि भाडं ६०० चं भागलेलं. एकूण १२६२ च्या वर. तेच ६०० डॉलर, तोच नवरा, फक्त पैशाची वाट बदलली आणि महिन्याला जवळपास २५० चा फरक. फोन, इंटरनेट, गाडीचा इन्शुरन्स त्याच्या अंगावर टाकला तर आणखी बरं.

पण शब्द नीट हवेत. डिक्रीत "बायकोला दरमहा ६०० द्यावेत" असं लिहून मग आपसात "तू भाडं भर" असं ठरवलंत तर गोंधळ होतो, कारण कागदावर ते पैसे तुमचे आहेत. "अमुक अमुक खर्च थेट भरायची जबाबदारी त्याची" असं मुळातच लिहून घ्यायचं. गिफ्ट कार्ड मात्र नको, ते रोखीसारखं धरलं जाऊ शकतं. आणि व्यवहारातली अडचण पण सांगतो, ज्याचं तोंड बघायची इच्छा नाही त्याच्या हातात आपलं भाडं द्यायचं म्हणजे त्याने एक महिना चुकवला की नोटीस आपल्या दाराला. जिथे छळ होता, पैशाने दाबलं जात होतं, तिथे हा रस्ता मी तरी सुचवणार नाही.

दुसरा रस्ता, स्पेशल नीड्स ट्रस्ट, म्हणजे डिसेबल्ड माणसाचे पैसे ट्रस्टीने त्याच्यासाठी सांभाळायची कायदेशीर सोय. कोर्टाच्या ऑर्डरने पोटगी कायमस्वरूपी, परत न घेता येईल अशी थेट ट्रस्टला वळवली तर ती तुमचं उत्पन्न मोजत नाहीत. त्या ट्रस्टला अटी आहेत: तुमचं वय तो करताना ६५ च्या आत हवं, ट्रस्ट फक्त तुमच्यासाठी हवा, आणि तुमच्या मागे जे उरेल त्यातून आधी राज्याचे मेडिकेडचे पैसे परत जाणार. डिसेंबर २०१६ च्या आधी असा ट्रस्ट आईवडील, आजीआजोबा, पालक किंवा कोर्टालाच करता यायचा, आता स्वतःलाही करता येतो. वकिलाची फी परवडत नसेल तर पूल्ड ट्रस्ट असतात, ना-नफा संस्था चालवतात, प्रत्येकाचं खातं वेगळं पण गुंतवणूक एकत्र. ट्रस्टमधून रोख पैसे हातात घेतले तर परत उत्पन्न, म्हणून ट्रस्टीने बिलं परस्पर भरायची.

इथे सगळ्यात जास्त चूक कुठे होते तर "कायमस्वरूपी" हा शब्द राहून जातो, किंवा पैसे आधी बाईच्या खात्यात येतात आणि मग ती ट्रस्टमध्ये टाकते. आधी खात्यात आले की ते उत्पन्न झालंच, नंतर कुठेही टाका. एबल अकाउंटचंही हेच. एबल अकाउंट (डिसेबल्ड लोकांसाठीचं खास बचत खातं) चांगली सोय आहे, १ जानेवारी २०२६ पासून डिसॅबिलिटी ४६ व्या वर्षाआधी सुरू झालेल्यांना उघडता येतं (आधी २६ होतं), त्यातले १ लाख डॉलरपर्यंत एसएसआय मोजत नाही. साठवायला उत्तम. पण हातात आलेली पोटगी तिथे टाकून ती उत्पन्नातून पुसता येत नाही.

वाटणी: घर, ४०१के, दागिने

राहतं घर आणि एक गाडी मोजत नाहीत. म्हणून वाटणीत पर्याय असेल तर "घर विकून अर्धे पैसे" यापेक्षा घर तुमच्या नावावर येणं एसएसआयवाल्यासाठी बरेचदा फायद्याचं, अर्थात हप्ता आणि टॅक्स कोण भरणार ते बघूनच, नुसतं घर खायला घालत नाही. नवऱ्याच्या ४०१के मधला, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यातला, वाटा तुमच्या नावावर आला आणि तो काढता येत असेल तर तो मालमत्तेत धरतात, २००० ची मर्यादा एका फटक्यात गेली. अशी मोठी रक्कम येणार असेल तर ती येण्याआधी ट्रस्ट तयार पाहिजे. मोजणी महिन्याच्या पहिल्या तारखेला जे आहे त्यावर होते.

पैसे भावाच्या नावावर टाकून देऊ, असा विचार सगळ्यांच्या मनात येतो. नको. बाजारभावापेक्षा कमीत मालमत्ता दिली तर ३६ महिन्यांपर्यंत एसएसआय बंद होऊ शकतं.

आपल्या लोकांसाठी खास तीन गोष्टी. अंगावर घालायचे किंवा घरात पिढ्यांपासून आलेले दागिने, मंगळसूत्र, आईच्या पाटल्या, हे वैयक्तिक वस्तूंत येतं, मोजत नाहीत. सोन्याची नाणी, बिस्किटं, गुंतवणूक म्हणून लॉकरमध्ये ठेवलेलं सोनं मोजतात. भारतातलं एनआरई खातं, एफडी, तिकडचा फ्लॅट हे पण मोजतात, मालमत्ता कुठल्या देशात आहे त्याने फरक पडत नाही. आणि बाबांनी तिकडून दर महिन्याला पाठवलेले २०० डॉलर हे पण उत्पन्न. "त्यांना कुठून कळणार" या वाक्यावर विसंबून फॉर्म भरू नका, एसएसआयचा अर्ज खोटं बोलल्यास शिक्षा मान्य आहे या ओळीखाली सही करून दिलेला असतो.

डिक्रीची वाट बघू नका, वेगळं राहायला लागलात की कळवा

लग्न टिकून असताना नवऱ्याचं उत्पन्न तुमच्या एसएसआयमध्ये धरतात. घटस्फोट कोर्टात दोन वर्षं चालेल, पण एसएसआयसाठी कोर्टाची तारीख महत्त्वाची नाही, एका छताखाली राहताय की नाही ते महत्त्वाचं. वेगळे झालात की पुढच्या महिन्यापासून त्याचा पगार तुमच्या हिशोबातून जातो. म्हणजे आधी नवऱ्याच्या पगारामुळे अर्ज नाकारला गेला असेल तर वेगळं राहायला लागल्याबरोबर पुन्हा अर्ज करा. दोघांनाही एसएसआय असेल तर जोडप्याचा २०२६ चा दर १४९१ आहे, वेगळे झाल्यावर प्रत्येकी ९९४, म्हणजे दोघांचे मिळून १९८८.

कळवायची मुदत: बदल झाला त्याच्या पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत. पत्ता, भाडं कोण भरतं, पोटगी सुरू झाली, पोटगी थांबली, सगळं. फोनवर सांगितलं तर तारीख, वेळ, कोण बोललं ते लिहून ठेवा, कागद दिला तर पावती मागा. मी एका ताईंबरोबर गेलो होतो, त्यांनी बदल वेळेवर सांगितला होता, ऑफिसातल्या माणसाने तो सिस्टिममध्ये टाकलाच नाही, वर्षभराने जास्त दिलेले पैसे परत मागायचं पत्र आलं. त्यांच्याकडे पावती होती म्हणून बोलता आलं. असं पत्र आलं तर घाबरून गप्प बसू नका: ६० दिवसांत अपील करता येतं, चूक तुमची नव्हती आणि परत देणं परवडत नाही असं असेल तर माफीचा अर्ज करता येतो, आणि एसएसआय कमी करायची नोटीस असेल तर १० दिवसांत अपील टाकलं की निकाल लागेपर्यंत चेक चालू ठेवता येतो.

दहा वर्षांची रेघ

लग्न १० वर्षं टिकलं असेल तर घटस्फोटानंतरही नवऱ्याच्या सोशल सिक्युरिटी रेकॉर्डवर तुमचा हक्क राहतो. ६२ वय झालं, तुम्ही पुन्हा लग्न केलेलं नाही आणि त्याला निवृत्ती किंवा डिसॅबिलिटीचे पैसे मिळत असतील तर त्याच्या पूर्ण रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत तुम्हाला मिळू शकतं (६२ लाच घेतलं तर बरंच कमी, आणि तुमचं स्वतःचं जास्त असेल तर तेच). त्याने अजून घेतलेलं नसेल पण त्याचं ६२ वय झालं असेल, तर घटस्फोटाला २ वर्षं झाल्यावर तुम्ही घेऊ शकता. त्याचा एक पैसा कमी होत नाही, त्याला विचारावंही लागत नाही.

आणि हे फार कमी जणांना माहिती असतं: घटस्फोटित जोडीदार वारला आणि तुम्ही स्वतः डिसेबल्ड असाल तर ६० ची वाट बघावी लागत नाही, ५० व्या वर्षापासून मिळू शकतं, साधारण ७१.५ टक्के. अट म्हणजे लग्न १० वर्षांचं, आणि डिसॅबिलिटी त्याच्या मृत्यूपासून साधारण ७ वर्षांत सुरू झालेली.

१० वर्षं मोजतात ती घटस्फोट फायनल होण्याच्या तारखेपर्यंत, वेगळे कधी झालात ते नाही. म्हणजे लग्नाला ९ वर्षं ८ महिने झाले असतील आणि जिवाला धोका नसेल तर वकिलाला विचारा की फायनल तारीख चार महिने पुढे नेता येईल का. चार महिन्यांची कटकट, पण आयुष्यभराचा हक्क.

व्हिसा आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी

एच-४ वर (नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असाल तर घटस्फोट झाला की स्टेटस संपतं, त्यामुळे इमिग्रेशनचा वकील आधी, बाकी नंतर. एसएसआय व्हिसावाल्यांना मिळत नाही. ग्रीन कार्डवर मिळवायचं तर साधारणपणे कामाची ४० क्वार्टर (वर सांगितलेली क्रेडिट) लागतात, आणि २२ ऑगस्ट १९९६ नंतर आलेल्यांना वर ५ वर्षांची थांबायची अट. आता गंमत अशी की लग्नाच्या काळात नवऱ्याने काम केलेली क्वार्टर तुमच्या खात्यात धरता येतात, पण तुम्ही अजून विवाहित असाल किंवा तो वारला असेल तरच. घटस्फोट झाला की ती क्वार्टर गेली. कधीच नोकरी न केलेल्या बाईसाठी हा फार मोठा फटका आहे, आणि यावर उपाय म्हणजे शक्य असेल तर घटस्फोटाच्या आधी सिटिझनशिप.

दुसरी बाजू तुमच्या फायद्याची. तुमच्या ग्रीन कार्डसाठी नवऱ्याने आय-८६४ म्हणजे अ‍ॅफिडेव्हिट ऑफ सपोर्ट सही केलं असेल तर ते घटस्फोटाने संपत नाही! तुम्ही सिटिझन होईपर्यंत, ४० क्वार्टर भरेपर्यंत, कायमचं देश सोडेपर्यंत किंवा दोघांपैकी कोणी वारेपर्यंत, फेडरल गरिबी रेषेच्या १२५ टक्क्यांपर्यंत तुम्हाला सांभाळायची त्याची जबाबदारी राहते, आणि कोर्टात त्यावर दावा लावता येतो. डिक्रीत "सर्व हक्क सोडले" असली ओळ असेल तर सही करण्याआधी हा कागद वकिलाला दाखवा. मात्र याच कागदामुळे त्याचं उत्पन्न तुमच्या एसएसआयच्या अर्जात धरलं जाऊ शकतं.

आणि घटस्फोटानंतर माहेरी जाऊन दोन-तीन महिने राहून येऊ असं वाटतं, साहजिकच आहे. पण देशाबाहेर सलग ३० दिवस झाले की एसएसआय थांबतं, आणि परत येऊन सलग ३० दिवस राहिल्याशिवाय सुरू होत नाही. जायचं असेल तर २५ दिवसांत या.

तुम्हीच डिसेबल्ड आहात आणि पोटगी तुम्हालाच द्यायचीय, तर

एसएसडीआयमधून पोटगी आणि चाइल्ड सपोर्ट (मुलांच्या खर्चाचे पैसे) परस्पर कापून घेता येतो, मागची साठलेली एकरकमी रक्कम आली तर त्यातूनही. फेडरल मर्यादा ५० ते ६५ टक्के, तुम्ही दुसरं कुटुंब सांभाळताय का आणि १२ आठवड्यांपेक्षा जास्त थकबाकी आहे का त्यावर, काही राज्यांत कमी. एसएसआयला हात लावता येत नाही.

काम सुटलं त्याच आठवड्यात कोर्टात रक्कम बदलायचा अर्ज टाका, डिसॅबिलिटी मंजूर व्हायची वाट बघू नका. मंजुरीला महिनोन्महिने जातात आणि तोपर्यंत जुन्या पगारावरचा आकडा चढत राहतो. चाइल्ड सपोर्टची चढलेली थकबाकी अर्ज टाकल्याच्या आधीच्या काळासाठी कोर्टही कमी करू शकत नाही, फेडरल कायदा आहे तसा १९८६ पासून.

तुमच्या एसएसडीआयवर मुलांनाही वेगळे पैसे मिळतात, एका मुलाला तुमच्या रकमेच्या अर्ध्यापर्यंत, सगळं कुटुंब मिळून मर्यादेत. हे पैसे मूल ज्याच्याकडे राहतं त्याच्याकडे जातात आणि बऱ्याच राज्यांत तेवढा चाइल्ड सपोर्ट तुम्ही दिला असं धरतात. पण आपोआप नाही, कोर्टाला सांगावं लागतं.

सैन्यातल्या व्हीए (माजी सैनिकांच्या सरकारी खात्याच्या) डिसॅबिलिटीची गोष्ट निराळी. ती मालमत्ता म्हणून वाटून घेता येत नाही, सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये मॅन्सेल आणि २०१७ मध्ये हॉवेल खटल्यात हे सांगितलंय. पोटगी किती द्यायची हे ठरवताना मात्र ते उत्पन्न बघू शकतात.

मूल डिसेबल्ड असेल तर

मुलाला एसएसआय असेल आणि त्याच्यासाठी चाइल्ड सपोर्ट येत असेल तर त्यातला एक तृतीयांश सोडतात, उरलेला मुलाचं उत्पन्न. १८ वर्षांचं झालं की साधारणपणे ही सूट जाते (शिकत असेल तर २२ पर्यंत टिकू शकते) आणि मोठ्या मुलासाठी येणारा सपोर्ट त्याच्याच चेकमधून कापला जातो. जन्मभर सांभाळावं लागणारं मूल असेल तर १८ व्या वाढदिवसाच्या वर्षभर आधी हा सपोर्ट ट्रस्टकडे वळवायची ऑर्डर मागून ठेवा.

इन्शुरन्स राहिलाच

नवऱ्याच्या ऑफिसचा इन्शुरन्स होता तर घटस्फोटानंतर कोब्रावर (त्याच इन्शुरन्समध्ये स्वतः हप्ता भरून राहायची सोय) ३६ महिने राहता येतं, पण ६० दिवसांत प्लॅनला कळवावं लागतं, आणि महाग असतं. मार्केटप्लेसचा (सरकारने चालवलेल्या इन्शुरन्सच्या बाजाराचा) प्लॅन घ्यायलाही ६० दिवसच. एसएसडीआयवाल्यांना २४ महिन्यांनंतर मेडिकेअर (मेडिकेडपेक्षा वेगळा, फेडरल आरोग्य विमा) सुरू होतं, तुमचे त्यातले किती उरलेत ते मोजा आणि तेवढ्या काळाचा कोब्राचा हप्ता नवऱ्याने परस्पर भरावा असं सेटलमेंटमध्ये मागा. परस्पर भरलेला इन्शुरन्स एसएसआय मोजत नाही, आणि माझ्या अनुभवात रोख पोटगीला नाही म्हणणारी माणसं सुद्धा याला तयार होतात, कारण त्याला शेवट दिसतो.

वकिलाकडे जाताना पिशवीत ठेवा: अवॉर्ड लेटर, सोशल सिक्युरिटीच्या वेबसाइटवरचं तुमच्या कामाचं स्टेटमेंट, मेडिकेड किंवा मेडिकेअरचं कार्ड, लग्नाचा दाखला (दहा वर्षांसाठी), आय-८६४ ची कॉपी मिळाली तर, आणि महिन्याच्या बिलांची यादी, त्यातली कुठली परस्पर भरता येतील त्यावर खूण करून. डिक्री झाली की सर्टिफाइड कॉपी दोन-तीन काढून घ्या, नाव बदलणार असाल तर सोशल सिक्युरिटी कार्ड आधी बदला आणि मग लायसन्स, बँक वगैरे, उलट केलंत तर सगळीकडे दोनदा जावं लागतं.